उलट्या आट्यांचा नट

"तुम्ही दोघं एकमेकांशी शेवटचं कधी बोललात?"

एवढाच प्रश्न. शाळेतून घरी येईपर्यंत तो मी नाना तऱ्हांनी म्हणून बघितला: सहज, हसत, रागाने, बातम्या देणाऱ्या बाईसारखा, एकदा तर चाल लावून. सिग्नलला उभ्या असलेल्या एका आजोबांनी वळून बघितलं, म्हणजे चाल जरा मोठ्यांदा लागली असावी. पैज जिराफने लावली होती. जिराफ म्हणजे माझी मैत्रीण, वर्गात सगळ्यांत उंच. मागच्या शनिवारी ती आमच्याकडे अभ्यासाला म्हणून आली, जेवून गेली, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात ते घोळत असणार. आज मधल्या सुट्टीत डबा चाटूनपुसून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या घरी सगळे फक्त तुझ्याशीच बोलतात गं. मजा आहे तुझी." मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण, दोनच तर माणसं आहेत. "तेच म्हणतेय मी," जिराफ म्हणाली. "लाव पैज, विचारून दाखव त्यांना, एकमेकांशी शेवटचं कधी बोलले ते." मग वकीलबाई मध्ये पडली. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो कारण कुणाचंही भांडण असो, ती अटी घालते. "दोघं एकाच खोलीत असताना विचारायचं. एकेकाला गाठून विचारलंस तर धरणार नाही. आणि 'जिराफ विचारत होती' असं म्हणायचं नाही. हरलीस तर महिनाभर आमची दप्तरं तू वरच्या मजल्यापर्यंत न्यायचीस." मी ताबडतोब टाळी दिली. यंदा माझी जीभ सुटली आहे ना. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा. आता शाळेच्या माईकवरून सूचना मी वाचते, भूगोलाच्या सरांनी फळ्यावर नदी उलटी वाहवली ते भर वर्गात मी दाखवून दिलं, आणि सरांनी नदी पुसून पुन्हा काढली. अशा मुलीने एका प्रश्नाला काय घाबरायचं. पण सुट्टी संपता संपता वकीलबाई हळूच म्हणाली, "आमच्याकडे कुणी विचारलंच नाही. एकदम बाबांचं सामानच निघालं." आणि टाळी दिलेला माझा हात पुढचा तासभर गारच राहिला.

खरं सांगायचं तर आमच्या घरात शांतता नाही, उलट गप्पाच गप्पा आहेत, पण त्या सगळ्या माझ्यावरून जातात. आई गॅससमोर उभी, बाबा मागे टेबलापाशी, मध्ये दोन फरशा. आई म्हणते, "बाबांना विचार, अंडी किती." मी मान वळवते, "बाबा, अंडी किती?" "दोन सांग." "दोन." टेनिसच्या सामन्यात जाळीला जर तोंड असतं तर तिला जे वाटलं असतं तेच मला वाटायचं, पुढे पुढे काही वाटेनासं झालं. हे कधी सुरू झालं ते मला आठवत नाही, आणि मी खूप आठवून पाहिलंय. भांडण झालंच नाही. ताटं आपटली नाहीत, दारं आपटली नाहीत. आधी एक आजारपण होतं, आत्याचं, मग घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असं झालं, मग आत्या गेली, आणि मोठ्याने न बोलण्याचं कारण गेलं तरी सवय राहिली, त्यातूनच हळूहळू आवाज निथळत गेला असावा. गंमत अशी की दोघं दिवसभर परक्या माणसांशी इतकं गोड बोलून येतात. बाबा मोटार शिकवतात. शेजारच्या सीटवर बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, घाबरलेल्या बायकांना आणि तापट म्हाताऱ्यांना सांगत राहतात, "काही होत नाही, मी आहे, क्लच हळू सोडा, शाबास." आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, पहाटे जाते, कारण लोक उपाशीपोटी येतात. मी एकदा तिला तिथे बघितलंय. "मूठ वळा, इकडे बघू नका, सुट्टीत कुठे जाणार ते सांगा बरं मला," असं ती बोलत राहते आणि माणसाचं उत्तर संपायच्या आत नळी भरलेली असते. दोघंही आपापले गोड शब्द बाहेर वाटून येतात आणि घरी आल्यावर खिसे रिकामे.

म्हणून मग मी निरोपांना इस्त्री करायला लागले. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मलाच सुचलं, आणि त्याचा मला बराच अभिमान होता. आई म्हणायची, "सांग त्यांना, ओला टॉवेल पलंगावर टाकायला हे हॉटेल नाही," आणि मी बाबांच्या खोलीत जाईपर्यंत त्याचं होऊन जायचं, "बाबा, टॉवेल वाळत घाला हं, आई म्हणाली." बाबा म्हणायचे, "तिला सांग, हॉटेलात निदान 'या बसा' तरी म्हणतात," आणि मी आईला सांगायची, "हो म्हणाले." काटे काढून मासा वाढावा तसं. जिराफला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तू तर परराष्ट्रमंत्री आहेस. मी तसंच समजत होते. पण गेल्या आठवड्यात एक निरोप माझ्या हातात न येताच माझ्या अंगावर पडला. आई गॅलरीत फोनवर बोलत होती, पाठ माझ्याकडे, एका हाताने वाळलेले कपडे खांद्यावर घेत. लॅबची नवी शाखा, दुसऱ्या शहरात, राहायची सोय. ती म्हणाली, "हो, दोनच माणसं. मी आणि मुलगी." मग हसली, म्हणजे तसं लॅबमधलं हसली. मी पाय न वाजवता मागे सरकले. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिने "बाबांना सांग" म्हटलं की मला वाटायचं: आला, हा तोच. मग ती म्हणायची, "दिवा बंद करायला सांग," आणि मी इतक्या आनंदाने धावत जाऊन सांगायची की बाबा चकित होऊन दिव्याकडे बघायचे. तो निरोप अजून कुणी मला दिलेला नव्हता. पण तो कधीतरी मलाच न्यावा लागणार होता, दुसरं होतं कोण, आणि त्याला इस्त्री कशी करायची ते मला काही केल्या सुचत नव्हतं.

घरात शिरले तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई दुपारी झोपते. बाबांचे बूट नव्हते. म्हणजे दोघं एका खोलीत यायला अवकाश होता, आणि मला एवढं हायसं वाटलं की त्या हायसं वाटण्याचाच राग आला. दप्तर टाकून संडासात गेले. फ्लशचं हँडल दाबलं तर ते काहीही न करता खाली गेलं आणि तिथेच लोंबत राहिलं. टाकीच्या पोटात काहीतरी खुळखुळलं. पाणी आलं नाही. हे नेहमीचंच. हे हँडल महिनोन् महिने असंच आहे, आज घट्ट, उद्या ढिलं, आणि त्यावर आमच्या घरात जेवढे निरोप झालेत तेवढे कशावरच झाले नसतील. अशा वेळी आम्ही टाकीचं झाकण जरासं सरकवून आत हात घालतो आणि साखळी ओढतो. मी बाही वर केली. आणि तेव्हा मला काय झालं कोण जाणे, कदाचित प्रश्न तोंडात असून विचारता येत नव्हता म्हणून हातांना काहीतरी हवं होतं, मी ठरवलं की आज हे दुरुस्तच करून टाकायचं. मी, स्वतः, कुणालाही न सांगता. बाबांच्या खोलीतून पान्हा आणला. तो दरवाजामागे पिशवीत असतो. झाकण दोन्ही हातांनी उचललं तर ते भलतंच जड निघालं, चिनीमातीचं, ओलं, निसटतं. ते आपटलं तर आई उठणार, आई उठली की बोलणार, आणि बोलली तर काय सांगेल याचा नेम नाही. श्वास रोखून मी ते पायपुसण्यावर टेकवलं. माझ्या हृदयाचे ठोके त्या टाकीत ऐकू येत होते असं मला वाटलं. प्रत्यक्षात नळ ठिबकत होता.

टाकीत वाकून बघणं म्हणजे कुणाच्या तरी पोटात डोकावणं. बाहेरून पांढरी स्वच्छ, आतून भिंतीवर तपकिरी ओघळ, पाण्याखाली रबराची झडप, तिला बांधलेली साखळी, साखळीला वर धरणारा एक दांडा, आणि दांड्याच्या मुळाशी, जिथे हँडल भिंतीतून आत येतं तिथे, एक नट. एवढंच. आमचं एवढं रामायण त्या एका नटाचं. मी बोट लावलं तर तो लटपटला. आणि मग मला दिसलं की त्याच्या कडा कुरतडलेल्या आहेत. दोन तऱ्हांनी. काही ठिकाणी गुळगुळीत झिजलेल्या, पान्ह्याने होतात तशा. काही ठिकाणी बारीक बारीक दात उमटलेले, पकडीचे. आमच्या घरात पक्कड एकच आहे, स्वयंपाकघरात, सुऱ्यांच्या खणात. ती आई बाटल्यांची झाकणं उघडायला वापरते. मी ते दात बघत राहिले. एखाद्याच्या दंडावर दोन वेगवेगळ्या माणसांच्या बोटांचे वळ दिसावेत तसं मला वाटलं, आणि मान मोडेपर्यंत वाकलेली असूनही मला सरळ होता येईना. शेवटी पान्हा लावला आणि आवळला. सगळं जग ज्या दिशेने आवळतं त्या दिशेने, उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांसारखं. नट फिरला, छान फिरला, लोण्यासारखा, आणि हँडल आणखी ढिलं झालं. पुन्हा फिरवला. दांडा कललाच. आणखी एक फेरा आणि सगळं हातात येणार होतं. यंदाच्या वर्षात पहिल्यांदाच मला वाटलं की मी गप्प राहायला हवं होतं, सगळीकडे, नदीच्या बाबतीतसुद्धा.

"उलटं फिरव."

आई दारात उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. हातात पक्कड. माझ्या हातातला पान्हा तिने बघितला, मी तिच्या हातातली पक्कड. "त्याचे आटे उलटे आहेत," ती म्हणाली, "डावीकडे आवळतो, उजवीकडे सुटतो. मलाही आधी कळलं नव्हतं." मी डावीकडे फिरवला. नट अडला, धरला, बसला. हँडल आपोआप वर आलं, आडवं, ताठ. मी दाबलं आणि पाणी असं धडधडत खाली गेलं की मला हसूच आलं. "तुला माहीत होतं?" "मग. रोज दुपारी मीच तर आवळते. बोटांना बघ घट्टे पडलेत. त्यांना कधी म्हणून..." आणि तिथे ती थांबली, कारण बाहेरच्या दारात किल्ली फिरली. बाबा. आज लवकर. त्यांची पावलं आली, थांबली, आणि मग आईच्या खांद्यावरून त्यांचा चेहरा दिसला. "शेवटच्या बाई आल्याच नाहीत," ते म्हणाले, अर्थात मला. मग टाकी उघडी दिसली. "हे काय साहेब, गॅरेज काढलं की काय?" मला ते साहेब म्हणतात. "त्याला हात कशाला लावलास? सकाळीच आवळलंय मी. दाढी झाली की रोज अर्धा फेरा देतो. जास्त नाही, टाकीला तडा जाईल म्हणून, पण रोज देतो." "कुठल्या बाजूला, बाबा?" "कुठल्या म्हणजे? आवळतात त्याच बाजूला." आणि त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. उजवीकडे.

टाकी भरत होती. तिचा तो बारीक, लांबत जाणारा, कानाच्या आत शिरणारा आवाज. आमच्या संडासात एक माणूस नीट उभं राहू शकतं. आत मी, उंबऱ्यावर आई, तिच्या पाठीशी बाबा, इतके जवळ की त्यांच्या श्वासाने तिच्या मानेवरचा केस हलत होता, आणि तिने मागे वळून बघितलं नाही. मला एकदम सगळं ऐकू यायला लागलं, शब्दन् शब्द. बाबा सकाळी बूट घालता घालता: "आईला सांग, रोज सकाळी मी अर्धा फेरा आवळतोय, आणखी काय करू, टाकीवर बसून राहू का?" आणि मी दुपारी, आईला: "बाबा बघतो म्हणाले." आई भांडी विसळताना: "त्यांना सांग, रोज दुपारी मी ते पकडीने घट्ट करतेय, त्यांना एकदा वाकून बघायला काय होतं?" आणि मी बाबांना: "हँडल जरा बघा म्हणे." मी काटे म्हणून जे जे काढून टाकलं होतं त्यातच तर सगळं होतं. आईला कळलं नाही की बाबा रोज हात लावतात. बाबांना कळलं नाही की ती लावते. ते सकाळी सोडवत होते, ती दुपारी आवळत होती, दोघंही एकाच नटाला, एकाच घरासाठी, दोघंही दुसऱ्याला आळशी समजत, आणि मधोमध मी, गोड हसत. पान्हा हातात जड झाला.

आई म्हणाली, "विचार त्यांना, एवढे महिने रोज सोडवत होते ते लक्षात कसं आलं नाही." बाबा तिच्या केसांच्या मागे होते, एक वीतभर. त्यांना ऐकू आलं होतं. ते वाट बघत होते. खरंच वाट बघत होते, मी सांगण्याची. माझं तोंड सवयीने उघडलं, मान सवयीने वळली, आणि बाहेर आलं ते वेगळंच.

"तुम्ही दोघं एकमेकांशी शेवटचं कधी बोललात?"

कुठलीच चाल लागली नव्हती. आवाजही माईकवरचा नव्हता, जुना, बाकाखालचा निघाला. टाकी भरून बंद झाली आणि शेजारच्यांचा मिक्सर ऐकू आला. बाबांनी आधी हसायचा प्रयत्न केला. "बोलतो की. आता काय करतोय?" "कुणाशी?" मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या मानेकडे, मग फरशीकडे. आईच्या हातातली पक्कड उघडली, मिटली, उघडली. मला वाटलं आता ती वळेल. एवढं सोपं होतं, पाय फिरवायचा फक्त. वकीलबाईच्या घरातून निघालेलं सामान मला दिसत होतं, मी ते कधी बघितलं नव्हतं तरी. एक बॅग, एक दोरीने बांधलेलं खोकं, कुंडी. मी मनात म्हणत होते, वळ, वळ, उलटी वळ नाहीतर सुलटी, पण वळ. आई वळली नाही. ती माझ्याकडे बघत, अगदी हळू, सुई टोचण्याआधी बोलते त्या आवाजात म्हणाली, "बाळा, बाबांना सांग, नव्या शाखेचं पत्र आलंय. मला पुढच्या महिन्यात तिकडे हजर व्हायचंय. आणि तुला घेऊन जायचा विचार आहे माझा."

आला. तोच. इतके दिवस ज्याला घाबरून मी दिवे बंद करायला धावत होते, तो शेवटी माझ्या हातात ठेवला गेला, आणि ज्याला द्यायचा तो माणूस तिच्या पाठीला जवळजवळ चिकटून उभा होता. बाबांचा चेहरा मी त्यांच्या शिकाऊ गाडीत एकदाच असा बघितलाय, एका बाईंनी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं होतं तेव्हा. फक्त तेव्हा त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक होता. त्यांचे ओठ हलले. मी म्हटलं, आता तरी. आता तिचं नाव घेतील, हाक मारतील, ओरडतील, काहीही. "आईला विचार," ते म्हणाले, माझ्याकडे बघत, "मुलीला विचारलंय का म्हणावं."

मुलीला. मला. मला त्यांनी आईला विचारायला सांगितलं की तिने मला विचारलंय का. हे मी नंतर जिराफला सांगेन तेव्हा ती पोट धरून हसेल आणि मीही हसेन, पण तिथे उंबऱ्याच्या आत मी दोघांकडे एकदमच बघितलं. आई थांबली होती, बाबा थांबले होते, दोघंही मी मान वळवण्याची वाट बघत होते, आणि दोघांचे डोळे अगदी सारखे झाले होते, घाबरलेले. हे मला आधी कधीच दिसलं नव्हतं, कारण मी नेहमी एका वेळी एकाकडेच बघत आले होते. त्या दोघांना एकमेकांची भीती वाटत होती. राग नाही. राग असता तर तो इस्त्रीतूनही जाणवला असता. भीती होती, तोंड उघडलं तर काय निघेल याची, आणि ती मला चांगली ओळखता येत होती, कारण शाळेच्या फाटकापासून मी तीच घेऊन आले होते. मी पान्हा टाकीच्या कडेवर ठेवला. तो वाजला. हात कपड्यांना पुसले. मला तिथून बाहेर पडायचं होतं आणि दारात ते दोघं होते, म्हणून बोलायलाच हवं होतं.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "बाबांना नाही, तुलाही नाही. हा नाही आणि कुठलाच नाही. आजपासून मी या घरात कुणाचाही निरोप कुणाला सांगणार नाही. अंडी किती, तेसुद्धा नाही. तुमची दोघांची भांडणं मी महिनोन् महिने गोड करून पोचवलीत, तुम्हाला कळलंही नाही, आणि मला वाटायचं मी फार हुशार. आई, तुला जायचं असेल तर ते तू बाबांना सांग. बाबा, तुम्हाला तिने थांबायला हवं असेल तर तेही तुमचं तुम्ही सांगा. वेगळं राहायचं ठरलं तरी चालेल मला. म्हणजे चालणार नाही, मी रडेन खूप, पण तेही तुमच्या तोंडून ठरू दे. आणि मी कुणाकडे राहणार ते मला सगळ्यात शेवटी विचारायचं, तुमचं बोलून झाल्यावर, दोघांनी मिळून. तोपर्यंत मी माझ्या खोलीत आहे. आता बाजूला व्हा, मला जाऊ दे, आणि एकमेकांना जागा द्या."